मांजर जेवत नाही, तेव्हा यकृतात काय घडतं?

“मांजर परवापासून जेवलेलं नाही. पाणी थोडंफार पितं, पलंगाखाली बसून असतं. अजून एखादा दिवस वाट पाहू का?”

मांजर पाळणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. त्यामागे आपल्या घरांतला जुना अनुभव असतो. पोट बिघडलं, अंगात कणकण आली, की एक दिवस लंघन करायचं, फार तर पेज घ्यायची. शरीर आपोआप ताळ्यावर येतं. धडधाकट माणसाला हे चालून जातं, मोठ्या कुत्र्यालाही बहुतेक वेळा चालून जातं. मांजराला चालत नाही. दोन-तीन दिवसांचा उपास, आणि त्यातही मांजर गुबगुबीत असेल तर, त्याच्या यकृताचा घात करू शकतो. मूळ दुखणं कधी कधी अगदी किरकोळ असतं, ते बरंही होऊन जातं, आणि मांजर दगावतं ते उपासामुळे जडलेल्या यकृताच्या आजाराने.

म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो: वाट पाहू नका. मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नसेल तर पशुवैद्यांना फोन करा. ४८ तास व्हायच्या आत ते दवाखान्यात पोचलेलं हवं. पिल्लांच्या बाबतीत एवढाही वेळ नसतो, कारण त्यांच्या रक्तातली साखर फार लवकर घसरते. ‘थोडं थोडं खातंय’ या समाधानावरही विसंबू नका. चार-पाच दिवस निम्म्याहून कमी खाणारं मांजरही त्याच वाटेला लागलेलं असतं.

असं का होतं, हे कळायला आधी यकृताची ओळख करून घेऊ.

१. यकृत काय काय करतं

मांजराचं यकृत बरगड्यांच्या आड, श्वासपटलाला टेकून असतं. आतड्यांत शोषलेलं अन्न घेऊन निघालेलं रक्त आधी यकृतातून जातं आणि मगच बाकीच्या शरीरात पोचतं. यकृत साखर साठवतं आणि लागेल तशी सोडतं. रक्तातली बरीचशी प्रथिनं आणि रक्त गोठवणारे घटक तिथेच तयार होतात. औषधं, विषं तिथे निकामी होतात. प्रथिनं वापरताना अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. त्याचा युरिया करून तो मूत्रपिंडाकडे पाठवण्याचं कामही यकृताचंच.

शिवाय पित्तरस. रक्तातल्या तांबड्या पेशी जुन्या झाल्या की मोडीत निघतात आणि त्यातून बिलीरुबिन नावाचा पिवळा पदार्थ उरतो. यकृत तो उचलतं, पित्तरसात मिसळतं आणि बारीक नलिकांमधून आतड्यात सोडतं. ही वाट कुठेही अडली की बिलीरुबिन रक्तात साचतं आणि कातडी पिवळी दिसू लागते. तीच कावीळ. कावीळ हा स्वतंत्र आजार नाही. कुठेतरी काहीतरी अडल्याची किंवा रक्तपेशी भराभर फुटत असल्याची ती खूण आहे.

यकृताकडे राखीव ताकद भरपूर असते. जवळजवळ पाऊण भाग निकामी होईपर्यंत ते काम रेटत राहतं, त्यामुळे लक्षणं उशिरा दिसतात. दुसऱ्या बाजूने, वेळीच मदत मिळाली तर ते स्वतःला पुन्हा उभं करू शकतं. या प्रकरणातली सगळी आशा या एका गुणावर उभी आहे.

२. मांजराचं यकृत वेगळं कशात

कुत्रा मांस खातो, पण भाकरीवरही तग धरतो. मांजर तसं नाही. ते केवळ मांसावर जगण्यासाठी घडलेलं जनावर आहे, आणि ही घडण सर्वांत ठळक दिसते ती यकृतात.

आपण प्रथिनं कमी खाल्ली तर आपलं यकृत प्रथिनं जाळण्याचा वेग कमी करतं, काटकसर करतं. मांजराच्या यकृतात ही सोय फारच तोकडी आहे. रानातल्या मांजराच्या पोटात उंदीर, पाखरं, सरडे जायचे. पिठूळ अन्न जवळजवळ नाहीच. त्यामुळे रक्तातली साखर टिकवण्यासाठी त्याचं यकृत सतत प्रथिनांपासून साखर बनवत राहतं. खाणं थांबलं तरी हे काम थांबत नाही. मग प्रथिनं येतात कुठून? स्वतःच्या स्नायूंतून. उपाशी मांजराची पाठ आणि मांड्या झपाट्याने वाळतात, पोट मात्र तसंच लोंबतं राहतं, ते यामुळे.

दुसरी गोष्ट आर्जिनीन नावाच्या अमिनो आम्लाची. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक. अमोनियाचा युरिया करायला आर्जिनीन लागतं. बहुतेक प्राणी ते शरीरात पुरेसं बनवतात, मांजर बनवू शकत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत जेम्स मॉरिस आणि क्विंटन रॉजर्स या संशोधकांनी १९७८ साली दाखवून दिलं, की रात्रभर उपाशी ठेवलेल्या मांजरांना आर्जिनीन नसलेलं एकच जेवण दिलं, तरी काही तासांत त्यांच्या रक्तात अमोनिया साचतो. त्यांना उलट्या होतात, लाळ गळते, झटके येतात. एका जेवणात एक घटक नाही, आणि एवढा परिणाम! मांजर किती कमी गंगाजळीवर जगतं हे या प्रयोगाइतकं स्पष्ट दुसरं काहीच सांगत नाही.

तिसरी गोष्ट टॉरीन. पित्तरसातली आम्लं वापरण्याजोगी करण्यासाठी मांजर फक्त टॉरीनच वापरतं. दुसऱ्या पदार्थावर निभावून नेणं त्याला जमत नाही. टॉरीन मिळतं मांसातून आणि माशांतून. भात, पोळी, भाजी यांत ते नसतं.

आपल्याकडे बरीच मांजरं दूध-पोळीवर किंवा दही-भातावर वाढवली जातात आणि “आमचं तर आयुष्यभर हेच खातं” असं कौतुकाने सांगितलं जातं. अशी मांजरं जगतात ती बहुतेक वेळा बाहेर जाऊन उंदीर, पाली, कुणाच्या घरचे माशांचे काटे मिळवतात म्हणून. तेच मांजर चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कायमचं कोंडलं आणि ताटलीत दही-भातच राहिला, तर ते अन्न त्याला पुरत नाही. घर शाकाहारी असायला कुणाची हरकत नाही. पण मग मांजरासाठी मांसाहारी, त्याच्या गरजेप्रमाणे बनवलेलं तयार खाद्य आणायची मनाची तयारी हवी. ती नसेल तर मांजर पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

३. चरबी यकृतात का साचते

आता मूळ प्रश्नाकडे. मांजर जेवायचं थांबलं. शरीराला ऊर्जा हवी, म्हणून कातडीखाली आणि पोटात साठलेली चरबी विरघळून रक्तात येते आणि यकृताकडे निघते. यकृताने त्यातली काही जाळायची, आणि उरलेली प्रथिनांच्या वेष्टनात बांधून पुन्हा शरीरभर पाठवायची, अशी रीत आहे.

लासलगावच्या कांदा बाजाराचं चित्र डोळ्यांपुढे आणा. एरवी कांदा येतो, बारदानात भरला जातो, ट्रक निघतात, आवार मोकळं होतं. एक दिवस कांद्याच्या गाड्यांची रांग कितीतरी पट वाढली आणि त्याच दिवशी बारदान संपलं. माल येतोय, पण भरून पाठवता येत नाही. आवार भरतं, मग रस्ते तुंबतात, आणि शेवटी आत आलेल्या माणसाला बाहेर पडायलाही वाट राहत नाही. उपाशी मांजराच्या यकृतात हेच होतं. चरबी हा कांदा आणि प्रथिनं हे बारदान. मांजर जेवत नसल्यामुळे चरबीचा लोंढा सुरू झाला, आणि जेवत नसल्यामुळेच ती बांधून पाठवणारी प्रथिनंही संपली. चरबी यकृताच्या पेशींतच साचते, पेशी फुगतात, आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या पित्तरसाच्या बारीक वाटा दाबल्या जातात. मग कावीळ होते. आजार पुरता मुरल्यावर यकृताच्या ८० टक्क्यांहून जास्त पेशी अशा चरबीने भरलेल्या आढळतात.

पुढचं चक्र फार वाईट. यकृत बिघडलं की मळमळतं. मळमळतं म्हणून मांजर खात नाही. खात नाही म्हणून आणखी चरबी येते. या टप्प्यावर ‘भूक लागली की खाईल’ हे वाक्य लागू पडत नाही, कारण भूक लागण्याची यंत्रणाच बंद पडलेली असते.

या आजाराला पशुवैद्य हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात; बोलताना ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात. माणसांच्या फॅटी लिव्हरशी याची गल्लत करू नये. माणसात ते वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं, मांजरात ते उपास सुरू झाल्यापासून दोन दिवस ते दोन आठवडे एवढ्या अवधीत जीवघेणं होऊ शकतं. लठ्ठ मांजरांना धोका सर्वांत जास्त, कारण त्यांच्याकडे यकृतावर कोसळायला चरबीही जास्त.

पण मांजर जेवायचं थांबतं कशामुळे? बहुतेक वेळा आधी दुसरा आजार असतो: स्वादुपिंडाची किंवा आतड्यांची सूज, मधुमेह, कर्करोग, दातांचं दुखणं. काही वेळा मात्र कारण घरातलंच निघतं. दिवाळीच्या फटाक्यांनी घाबरून कपाटामागे दडलेलं मांजर. घर बदललं. नवं मांजर आणलं. गणपतीत घरची माणसं कोकणात गेली आणि शेजारच्या काकू रोज खाणं ठेवून गेल्या, पण ते खाल्लं कुणी हे पाहायला कुणी नव्हतं. खाद्याचा ब्रँड एकदम बदलला आणि मांजराने हट्टाने तोंड फिरवलं. दोन-तीन मांजरं एकाच ताटलीत जेवत असतील तर त्यातलं एक उपाशी आहे, हे कळायलाच चार दिवस जातात.

४. घरी काय बघायचं

मांजर दुखणं लपवतं. कण्हत नाही, येऊन सांगत नाही. फक्त कमी दिसू लागतं. म्हणून आपण होऊन बघावं लागतं.

कावीळ बघायची ती दिवसाच्या उजेडात, पिवळ्या बल्बखाली नाही. कानांच्या आतली केस नसलेली कातडी, हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग आणि तोंड उघडलं तर टाळू. काळ्या मांजरात टाळू सर्वांत उपयोगी. डोळ्यांना पिवळेपणा दिसू लागतो तोवर रक्तातलं बिलीरुबिन नेहमीच्या कितीतरी पट झालेलं असतं, तेव्हा दिसलं की त्याच दिवशी निघायचं. लघवी गडद पिवळी किंवा नारिंगी होते. कुत्र्याच्या लघवीत थोडं बिलीरुबिन सापडलं तर ते निरोगी असू शकतं. मांजराच्या लघवीत सापडलं तर ते नेहमीच गैर मानतात.

बाकीच्या खुणा: वजन घटणं, उलट्या, लाळ गळणं, सुस्ती, अंग चाटून स्वच्छ ठेवणं बंद होणं. मान पुढे लोंबू लागली असेल, हनुवटी छातीकडे जात असेल, तर रक्तातलं पोटॅशियम फार उतरल्याचा संशय घ्यावा. मांजर भिंतीकडे तोंड करून उभं राहतंय, दिशाहीन फिरतंय, झटके येताहेत, तर अमोनियासारखी विषं मेंदूपर्यंत पोचली असण्याची शक्यता आहे.

५. चरबीखेरीज दुसरी कारणं

यकृताचा प्रत्येक आजार उपासाने होत नाही. मांजरात वरचेवर दिसणारा दुसरा आजार म्हणजे पित्तनलिकांची सूज. त्याचं मूळ शरीररचनेत आहे. मांजरात यकृतातून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची मुख्य नलिका आतड्यात शिरण्याआधी एकत्र येतात. त्यामुळे आतड्यातले जंतू वर चढले तर दोन्हीकडे पोचतात, आणि आतडी, स्वादुपिंड व यकृत तिन्ही एकाच वेळी सुजलेली सापडतात. या सुजेचे दोन मुख्य प्रकार. एक जंतूंमुळे होणारा: ताप, उलट्या, मांजर एकदम आजारी, यावर अँटिबायोटिक काही आठवडे द्यावं लागतं. दुसरा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने हळूहळू घडवलेला: यात मांजर पिवळं असूनही कधी कधी मजेत जेवत असतं, यावर स्टिरॉइड लागतं. बाहेरून दोन्ही सारखे, उपचार मात्र उलटे. म्हणून तपासणी न करता स्टिरॉइडचं इंजेक्शन मारणं धोक्याचं. मूळ आजार लिपिडोसिस निघाला तर स्टिरॉइड शरीरातली चरबी आणखी मोकळी करून परिस्थिती बिघडवतं.

उष्ण, दमट प्रदेशांतल्या मांजरांसाठी आणखी एक कारण आहे, आणि ते घरोघरच्या पालींशी जोडलेलं आहे. प्लॅटिनोसोमम नावाचा एक चपटा कृमी मांजराच्या पित्तनलिकांत राहतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, गोगलगाय ती खाते, तिच्यातून ओलसर जागी राहणाऱ्या बारीक जिवांमध्ये जातात, त्यांना पाल किंवा बेडूक खातो, आणि पाल खाल्लेल्या मांजरात कृमी मोठा होतो. थोडे कृमी असतील तर काही कळतही नाही. खूप झाले तर नलिका तुंबून कावीळ होते. नेहमीची जंतांची गोळी यावर बहुधा पुरत नाही, त्याच औषधाची जास्त मात्रा लागते. मांजर पाली मारून खात असेल तर डॉक्टरांना हे आपण होऊन सांगा.

तरुण मांजर कावीळ, ताप आणि फुगलेलं पोट घेऊन आलं तर कोरोना गटातल्या विषाणूमुळे होणाऱ्या एफआयपी या आजाराचा विचार करावा लागतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो असाध्य होता. २०१९ साली संशोधक नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएस-४४१५२४ या औषधाने बरी झालेली मांजरं दाखवली आणि चित्र पालटलं. पिल्लू खुरटं राहिलं, जेवल्यावर लाळ गाळतं आणि त्याचे डोळे विचित्र तांबूस-तपकिरी आहेत, तर यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी असू शकते.

६. आपल्या हातून जाणारं विष

मांजराच्या यकृतात औषधं निकामी करणारी एक महत्त्वाची यंत्रणा जन्मतःच मोडकी आहे. ज्या जनुकामुळे पॅरासिटामॉलसारखे पदार्थ बांधून बाहेर टाकता येतात, तो जनुक मांजरात निकामी झालेला आहे. वाघ, सिंह आणि बिबट्यांसकट सगळ्या मार्जारकुळाची हीच गत आहे.

हिशेब करून पाहू. मांजराला प्रत्येक किलो वजनामागे अवघं १० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही विषारी ठरू शकतं. ४ किलोच्या मांजराला म्हणजे ४० मिलिग्रॅम. घरातली नेहमीची गोळी ५०० मिलिग्रॅमची. तिचा बारावा तुकडाही पुरतो. मुलांच्या तापाच्या औषधात ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम असेल, तर पावणेदोन मिलीहूनही कमी. मायेने चमचाभर दिलेलं औषध मांजराचा जीव घेतं. आधी रक्त तपकिरी पडतं, हिरड्या निळसर-राखाडी दिसतात, चेहरा आणि पंजे सुजतात, धाप लागते. यकृताचं नुकसान त्यापाठोपाठ. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो काही तासांत मिळायला हवा. पॅरासिटामॉल मांजराला कधीही, कितीही थोडं, देऊ नका.

फरशी पुसायचं फिनाईल यापेक्षा फसवं आहे, कारण ते कुणी मांजराला पाजत नाही. मांजर ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. फेनॉल वर्गातली रसायनं मांजराला नीट बाहेर टाकता येत नाहीत. मांजर असलेल्या घरात फिनाईल नकोच. साबणाच्या पाण्याने फरशी पुसावी. टी-ट्री, निलगिरी यांची तेलं, कापूर घातलेली मलमं यांनाही हाच नियम. सोसायट्यांच्या बागांत हौसेने लावलेलं सायकसचं झाड, विशेषतः त्याच्या बिया, थेट यकृतावर घाला घालतात.

डॉक्टरी औषधांतही सावधपणा लागतो. डायझेपाम हे झोपेचं औषध एकेकाळी मांजराला भूक लागावी म्हणून देत. १९९०च्या दशकात असं दिसून आलं, की ते तोंडाने दिलेल्या काही मांजरांचं यकृत अचानक, पूर्णपणे कोसळतं. भूक लावायला आता यापेक्षा सुरक्षित औषधं आहेत.

७. रिपोर्ट हातात आला की

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी वाढलेलं दिसलं तर यकृताच्या पेशींना इजा होते आहे, एवढंच कळतं. यकृताचं काम किती चाललंय हे त्यावरून कळत नाही. म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड वाढल्यामुळेही एसजीपीटी वाढतं आणि थायरॉइडवर उपचार केले की उतरतं. यकृताचं काम बघायचं तर अल्ब्युमिन, साखर, युरिया आणि पित्ताम्लांची तपासणी बघतात.

अल्कलाइन फॉस्फेटेजचा आकडा मांजरात वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. कुत्र्याच्या रक्तात या एन्झाइमचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण तीन दिवस लागतात, मांजरात सहा तास. ते मांजराच्या रक्तात टिकतच नाही, म्हणून मांजरात थोडंसं वाढलेलं दिसलं तरी ते गंभीर. त्याच्या शेजारी जीजीटी नावाचा आकडा असतो. फॉस्फेटेज खूप वर आणि जीजीटी मात्र जवळपास नेहमीइतकाच, ही जोडी दिसली की अनुभवी डॉक्टरांच्या मनात लिपिडोसिस येतो. दोन्ही चढलेले असतील तर पित्तनलिकांकडे बोट जातं. पुढे सोनोग्राफी, आणि गरज पडली तर बारीक सुईने यकृताच्या पेशी काढून तपासणी. सुई घालण्याआधी व्हिटॅमिन के देतात, कारण आजारी यकृतामुळे रक्त गोठायला वेळ लागू शकतो.

८. उपचार म्हणजे अन्न

लिपिडोसिसवर गोळी नाही. औषध आहे अन्न, भरपूर प्रथिनांचं, रोजच्या रोज, आणि मांजर स्वतः खात नाही म्हणून नळीने.

नळी म्हटलं की घरचे लोक हबकतात आणि “नको, त्याचे हाल नको, सलाईन लावा” असं म्हणतात. हे त्यांच्या मायेपोटी येतं हे मला कळतं, पण हिशेब बघा. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिली सलाईनमध्ये ५ ग्रॅम साखर, म्हणजे २० कॅलरीसुद्धा नीट नाहीत, आणि प्रथिनं शून्य. सलाईनने शरीरातलं पाणी आणि क्षार सावरतात, त्यासाठी ते हवंच. पण ते अन्न नव्हे. उलट या आजारात साखरेचं सलाईन सहसा टाळतात, कारण त्याने यकृतातली चरबी वाढायला मदत होते.

मांजराची गरज काढायचं सोपं सूत्र असं: वजनाला ३० ने गुणा आणि ७० मिळवा. ५ किलोच्या मांजराला ३० गुणिले ५, म्हणजे १५०. अधिक ७०, म्हणजे दिवसाला २२० कॅलरी. पण पहिल्याच दिवशी सगळं द्यायचं नाही. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपकन उतरतं आणि त्यानेच जीव जाऊ शकतो. पहिल्या दिवशी पाव हिस्सा, ५५ कॅलरी; दुसऱ्या दिवशी ११०; तिसऱ्या दिवशी १६५; चौथ्या दिवशी पूर्ण २२०. मिलीमागे एक कॅलरी असलेलं पातळ खाद्य असेल तर पहिल्या दिवशी ५५ मिली, पाच-सहा वेळांत विभागून, दर वेळी साधारण १० मिली. कोमट करून, सावकाश, आधी आणि नंतर नळीतून थोडं पाणी सोडून.

मांजर फार अशक्त असेल तर सुरुवातीला नाकातून बारीक नळी घालतात, तिला पूर्ण भूल लागत नाही. जरा सावरलं की थोडा वेळ भूल देऊन मानेच्या बाजूने अन्ननलिकेत नळी बसवतात. ही नळी मांजर चांगली सोसतं. ते हिंडतं, झोपतं, नळी असतानाही तोंडाने खाऊ शकतं, आणि घरची माणसं दोन-तीन दिवसांत खाऊ घालायला सराईत होतात. मांजराला पकडून, जबडा उघडून सिरिंजने कोंबण्यापेक्षा हे कितीतरी दयाळू आहे. कोंबून घातलं की मांजर त्या अन्नाचाच तिटकारा घेतं आणि पुढे बरं झालं तरी त्याला तोंड लावत नाही.

कावीळ म्हणजे तेल-तूप बंद, उसाचा रस आणि मऊ भात, हा माणसांचा पथ्याचा विचार मांजरावर लादू नका. त्याला हवं असलेलं बारदान, म्हणजे प्रथिनं, भातात नाही. प्रथिनं कमी करायची ती फक्त मेंदूवर परिणाम दिसत असेल तर, आणि तीही डॉक्टरांनी सांगितली तरच. झाडपाल्याची औषधं, माणसांची लिव्हर टॉनिकं यांनी हे यकृत मोकळं होत नाही, आणि त्यांच्यावर घालवलेले तीन दिवस परत मिळत नाहीत. उलटीवरचं औषध, पोटॅशियम, फॉस्फरस, बी-१ आणि बी-१२ जीवनसत्त्वं, हे सगळं अन्नाच्या जोडीला लागतं. आणि ज्या आजारामुळे जेवण थांबलं तो शोधून त्यावरही उपचार करावे लागतात.

नळी किती दिवस? बहुधा काही आठवडे. बिलीरुबिन उतरत आलं, आणि मांजर नळीशिवाय आपली गरज तोंडाने भागवतंय, वजन टिकवतंय असं दिसलं की ती काढतात. नळीने पोषण वेळेत सुरू झालेली बहुसंख्य मांजरं वाचतात. न मिळालेली फार थोडी. बरं झालेल्या यकृतावर सहसा कायमची इजा राहत नाही, आणि हा आजार त्याच मांजराला पुन्हा होणं विरळा आहे.

९. लठ्ठ मांजर बारीक कसं करायचं

हे सगळं वाचून कुणी आपल्या साडेसहा किलोच्या बोक्याचं खाणं उद्यापासून निम्मं करेल, तर तोच धोका ओढवून घेईल. वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का याच वेगाने उतरू द्यायचं. साडेसहा किलोच्या बोक्याला आठवड्याला ३० ते ६५ ग्रॅम. पाच किलोवर आणायला सहा महिने ते वर्ष लागेल, आणि तेवढा वेळ द्यावा. प्रथिनं कमी न करता कॅलरी कमी असलेलं खाद्य घ्या, ते मोजून द्या, आणि बदलायचं असेल तर आठ-दहा दिवसांत जुन्यात नवं मिसळत बदला. नवं खाद्य त्याने नाकारलं तर त्याच संध्याकाळी जुनं परत द्या.

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा मोठ्या मांजराला पुरत नाही. बाळांचं वजन करायचा काटा घ्या, नाहीतर मांजराला उचलून स्वतःच्या काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. असा काटा निदान १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, आणि त्यावर एका आठवड्याचा फरक न कळता तीन-चार आठवड्यांचा कळेल. आकडा कॅलेंडरवर लिहीत जा. महिन्याभरात पाव किलोहून जास्त उतरलेलं दिसलं, तर आहार यशस्वी झाला असं समजू नका. मांजराला डॉक्टरांकडे न्या.